जनतेने न मागितलेले युद्ध आणि ४०४ वरून १९७ : श्रीलंकेतील शांतिसेनेचा धडा

नांदुरा (जि. बुलढाणा) : सीमेवर तोफा धडाडल्या की देश सरकारच्या पाठीशी उभा राहतो, असे आपण नेहमी ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये बांगलादेशाचे युद्ध जिंकल्यानंतर काही महिन्यांतच महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली आणि काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. १९९९ मध्ये कारगिलनंतर झालेल्या निवडणुकीत वाजपेयी पुन्हा सत्तेवर आले. ही उदाहरणे सगळ्यांच्या तोंडी आहेत.

उलटी उदाहरणेही आहेत. १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्ल्यावर उत्तर मुंबईतून त्याच वर्षी निवडून आलेल्या संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी हे नेहरूंचे तीन कडवे टीकाकार लोकसभेत पोहोचले. ऑगस्ट १९६३ मध्ये देशातील पहिला अविश्वास ठराव मांडला गेला. ठराव फेटाळला गेला, पण नेहरूंना कोणी प्रश्न विचारू शकत नाही, हा समज मात्र त्या दिवशी संपला.

तरीही १९६२ चे युद्ध आपल्यावर लादले गेले होते. सरकारने स्वतः फौज परदेशात पाठवली, लोकांना त्याचे कारण नीट कळले नाही, जवान मरत राहिले आणि दोन वर्षांत सरकारही गेले, असे उदाहरण आपल्या देशात एकच आहे. ते म्हणजे १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना.

हा विषय बौद्ध समाजाने समजून घ्यावा याला तीन कारणे आहेत. पहिले, त्या युद्धात महार रेजिमेंट लढली. नांदुरा, मलकापूर, मोताळा, खामगाव या पट्ट्यातील बौद्ध वस्त्यांत या रेजिमेंटचे नाव माहीत नसलेले घर विरळाच. दुसरे, ते युद्ध ज्या भूमीवर झाले ती श्रीलंका म्हणजे धम्माचे जुने घर. तिसरे, त्या सरकारच्या जागी जे सरकार आले त्याच्या काळात बौद्धांच्या जीवनावर थेट परिणाम करणारा कायदा झाला. ही तिन्ही सूत्रे एकत्र ठेवून कोणी फारसे बोलत नाही. म्हणून हा लेख.

फौज कशासाठी गेली?

श्रीलंकेत सिंहली बहुसंख्य आणि तमिळ अल्पसंख्य यांच्यातील वाद जुना आहे. जुलै १९८३ मध्ये कोलंबो आणि इतरत्र तमिळांवर भीषण हल्ले झाले. हजारो तमिळ निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. तमिळांच्या सशस्त्र गटांना भारतात आसरा मिळाला, प्रशिक्षणही मिळाले. प्रभाकरनची लिट्टे त्यांपैकीच एक. पुढे तिने इतर तमिळ गटांना संपवले आणि तीच सर्वांत ताकदवान झाली.

२९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ गटांनी ७२ तासांत शस्त्रे खाली ठेवायची, श्रीलंकेने तमिळ भागाला प्रांतिक स्वायत्तता द्यायची आणि यावर देखरेख करायला भारताची शांतिसेना जायची, असे ठरले. लिट्टेने या करारावर सही केलेली नव्हती. ज्याच्या हातात बंदूक होती तोच करारात नव्हता.

कोलंबोतही हा करार लोकांना नको होता. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. ते थोडक्यात बचावले. ज्या देशाला मदत करायला फौज निघाली होती, तिथल्या लोकांचे मत काय आहे, याची सूचना त्या एका क्षणात मिळाली होती.

भारतात यावर आधी चर्चा झाली का? करार आधी झाला, संसदेला माहिती नंतर मिळाली. हे बेकायदेशीर नव्हते. युद्धात उतरण्यापूर्वी किंवा परदेशाशी करार करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे, असे बंधन आपल्या राज्यघटनेत सरकारवर नाही. तो अधिकार मंत्रिमंडळाकडे आहे. संसद नंतर प्रश्न विचारू शकते, पैसा नाकारू शकते, अविश्वास आणू शकते. पण ४०० च्या वर खासदार एकाच पक्षाचे असतील तर हे मार्ग कागदावरच राहतात.

मित्र शत्रू कसा झाला?

पहिले दोन महिने शांतिसेनेचे काम नावाप्रमाणे होते. जाफनातील तमिळ जनतेने जवानांना हार घातले. मग घडी विस्कटली. २६ सप्टेंबरला लिट्टेचा कार्यकर्ता थिलीपन उपोषणात मरण पावला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेची माणसे पकडली, त्यांतील बहुतेकांनी सायनाइड खाऊन जीव दिला. त्यानंतर लिट्टेने करार झुगारला आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास भारतीय फौजेने जाफना ताब्यात घेण्यासाठी ‘ऑपरेशन पवन’ सुरू केले.

ज्यांचे रक्षण करायला फौज गेली होती, त्यांच्यातीलच मुलांशी आता लढाई होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतील जवळपास सर्वच जवान मारले गेले. माहिती अपुरी होती, शत्रू कुठे आणि किती आहे याचा अंदाज चुकला होता. पुढे या मोहिमेतील सेनाधिकाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत ही तक्रार वारंवार आली आहे.

जाफना शहर हातात आले, पण लढाई संपली नाही. लिट्टे जंगलात गेली. काही हजारांनी सुरू झालेली फौज पुढे सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात गेली. पेरलेले सुरुंग, झाडावरून होणारा गोळीबार, गर्दीत मिसळलेला शत्रू अशा युद्धात सामान्य तमिळ माणसांचेही बळी गेले आणि जाफनात हार घालणारे हात मागे सरले.

महार रेजिमेंटचा परमवीर

२५ नोव्हेंबर १९८७. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन आपल्या तुकडीसह शोधमोहीम आटोपून रात्री परतत होते. लिट्टेने दबा धरून हल्ला केला. मेजरांनी न डगमगता तुकडीला मागच्या बाजूने वळवून शत्रूवर चाल केली. समोरासमोरच्या झटापटीत त्यांच्या छातीत गोळी लागली. तशाही अवस्थेत त्यांनी हल्लेखोराच्या हातातील रायफल हिसकावली आणि त्याला ठार केले. शेवटच्या श्वासापर्यंत ते आपल्या जवानांना आदेश देत होते. मुंबईत जन्मलेल्या आणि तिथेच शिकलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. संपूर्ण श्रीलंका मोहिमेतील हे एकमेव परमवीर चक्र आणि महार रेजिमेंटचेही एकमेव.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असावी. फौज श्रीलंकेत गेली तेव्हा भारताचे लष्करप्रमुख होते जनरल के. सुंदरजी. त्यांची लष्करी कारकीर्दही महार रेजिमेंटमधूनच सुरू झाली होती. म्हणजे आदेश देणारा सर्वोच्च अधिकारी आणि जंगलात पडणारा मेजर, दोघेही एकाच रेजिमेंटचे.

या रेजिमेंटचा इतिहास वेगळा सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पुन्हा उघडली आणि गरज संपताच पलटण मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज ती सर्व समाजांच्या जवानांची आहे, तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. नांदुऱ्याहून भुसावळ, इटारसी, बीना असा रेल्वेचा प्रवास करून भरतीच्या आशेने सागरला जाणारी मुले आपल्याकडे अजूनही आहेत. फौज ही आपल्यासाठी सन्मानाची वाट होती आणि पोटापाण्याचीही. म्हणूनच फौज कुठे आणि कशासाठी पाठवली जाते, हा प्रश्न आपल्यासाठी फक्त दिल्लीचा प्रश्न नाही.

धम्माच्या भूमीत

बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेत कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाचे नाते अनुराधपूरच्या महाबोधीशी आहे. त्या अनुराधपूरला १४ मे १९८५ रोजी लिट्टेने गोळीबार केला, त्यात शंभराहून अधिक निरपराध माणसे मेली. २ जून १९८७ रोजी अरंतलावा येथे बसमधून जाणाऱ्या तीसहून अधिक भिक्खूंची हत्या झाली. त्यांतील बरेचसे कोवळ्या वयाचे श्रामणेर होते.

ही एक बाजू. दुसरी बाजू आपण बौद्धांनीच जास्त स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९८३ मध्ये तमिळांची घरे जाळणारे जमावही बहुतांश बौद्ध म्हणवणाऱ्यांचेच होते. धम्म हा बहुसंख्याकांचे राष्ट्र उभारण्याचे हत्यार झाला की त्यातील करुणा संपते. श्रीलंकेत काही भिक्खू याच राजकारणाच्या पुढे होते. तथागतांच्या नावाने चाललेले म्हणून ते राजकारण आपले होत नाही.

शांतिसेनेबद्दल तिथल्या सिंहली समाजातही संताप होता. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या संघटनेने भारतीय फौजेविरोधात आणि स्वतःच्या सरकारविरोधात सशस्त्र उठाव केला. तो दडपताना हजारो सिंहली तरुण मारले गेले. ज्या जयवर्धने यांनी करार केला त्यांच्या पक्षालाही आपली जागा राखण्यासाठी सूर बदलावा लागला. जानेवारी १९८९ मध्ये अध्यक्ष झालेले प्रेमदासा हे करारावर नाखूश होते. १ जून १९८९ रोजी त्यांनी भारतीय फौज दोन महिन्यांच्या आत परत न्या, असे जाहीरपणे सांगितले. पुढे हेही उघड झाले की प्रेमदासा सरकारने शांतिसेनेशी लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रे पुरवली होती. म्हणजे तमिळ विरोधात, सिंहली विरोधात, यजमान सरकारही विरोधात. तिघांपैकी कोणालाही नको असलेली फौज तिथे मरत होती.

पाठिंबा ओसरतो कसा?

युद्धामुळे सरकारची लोकप्रियता कमी होते, ती एका दिवसात नाही. शांतिसेनेच्या प्रकरणात तिचे टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा, उद्देश बदलणे. करार झाला तेव्हा सांगितले गेले की फौज शांतता राखायला चालली आहे. ऑक्टोबरनंतर ती युद्ध करत होती. पण ‘आता उद्देश बदलला आहे, याचे कारण हे आहे, शेवट असा होईल’ असे लोकांना कोणी सांगितले नाही. अमेरिकेचे व्हिएतनाममध्ये हेच झाले होते. तिथे १९६४ मध्ये प्रचंड बहुमताने निवडून आलेल्या जॉन्सन यांनी मार्च १९६८ मध्ये आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असे जाहीर केले.

दुसरा टप्पा, माहितीचा अंधार. तेव्हा घराघरांत दूरदर्शन होते आणि ते सरकारचे होते. लोक खऱ्या बातम्यांसाठी रेडिओवर बीबीसी लावत. कारगिलपूर्वी शहीद जवानाचे पार्थिव गावात येण्याची पद्धत फारशी नव्हती. अनेकांच्या घरी फक्त तार आली. गावात मिरवणूक नाही, घोषणा नाही. दुःख एका घरापुरते राहिले, पण अविश्वास सगळ्या गावात पसरला.

तिसरा टप्पा, जुन्या तक्रारींशी जोडले जाणे. एकटे युद्ध सरकार पाडत नाही. ते लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या संशयाला जोर देते. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या १४३७ कोटींच्या व्यवहारात दलाली दिल्याची बातमी दिली. त्याच महिन्यात संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये फौज श्रीलंकेत गेली. तोफांच्या खरेदीत पैसे खाल्ल्याचा आरोप असलेले सरकारच जवानांना परक्या जंगलात पाठवते आहे, हे दोन विचार एकाच मनात शेजारी येऊन बसले. त्यात १९८७ चा भीषण दुष्काळ. कापसाच्या भावासाठी विदर्भ-मराठवाड्याचा शेतकरी रस्त्यावर होताच.

चौथा टप्पा, पर्याय दिसणे. लोक नाराज असले तरी दुसरे कोणी दिसेपर्यंत ते गप्प राहतात. जून १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंह काँग्रेसला हरवून विजयी झाले तेव्हा तो पर्याय दिसला. त्याच निवडणुकीत मान्यवर कांशीराम उभे होते आणि त्यांनी सुमारे सत्तर हजार मते घेतली. बहुजन राजकारणाची उत्तर भारतातील ताकद मोजण्याची ती पहिल्या काही संधींपैकी एक होती. जुलै १९८९ मध्ये बोफोर्सवरील महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर लोकसभेतील विरोधी पक्षांच्या बहुतेक सदस्यांनी एकत्र राजीनामे दिले.

आकडे काय सांगतात?

डिसेंबर १९८४ मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या ४०४ जागा जिंकल्या होत्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्या १९७ झाल्या. उत्तर प्रदेशातील ८५ पैकी फक्त १५, बिहारमधील ५४ पैकी ४. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ वरून २८. तेव्हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या आपल्या बुलढाणा मतदारसंघात १९८४ ला तरुण वयात निवडून आलेले काँग्रेसचे मुकुल वासनिक १९८९ मध्ये भाजपच्या सुखदेव काळे यांच्याकडून हरले. तीन-चार महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत राज्यातही काँग्रेस २८८ पैकी १४१ वर अडकली.

हे सगळे श्रीलंकेमुळे झाले असे म्हणणे खोटे ठरेल. त्याचा पुरावा तमिळनाडूतच आहे. श्रीलंकेच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे राज्य तेच. तिथे काँग्रेस आणि अण्णा द्रमुक युतीने ३९ पैकी ३८ जागा जिंकल्या. शांतिसेनेला विरोध करणाऱ्या द्रमुकला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही, जरी त्याच वर्षाच्या सुरुवातीला राज्याची सत्ता त्यांच्याकडे आली होती. तमिळनाडूत आघाड्यांचे गणित मोठे ठरले. उत्तरेत बोफोर्स, महागाई, शहाबानो आणि अयोध्येचे राजकारण मोठे ठरले.

आपल्या समाजाच्या रागाची कारणे तर घरातीलच होती. १९७८ पासून मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसे मार खात होती. १९८७-८८ मध्ये बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथावरून वाद पेटवला गेला, त्याविरोधात फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत लाखो आंबेडकरी माणसे रस्त्यावर उतरली. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती द्या, ही मागणी १९५६ पासून प्रलंबित होती. राज्यात सवलती होत्या, केंद्रात दार बंद होते. त्यामुळे नांदुरा-मलकापूरकडच्या बौद्ध मतदाराने १९८९ ला मत देताना जाफनाचा विचार किती केला असेल? फार थोडा. पण ज्या घरातील मुलगा तिकडे होता, त्या घराने नक्कीच केला असेल. युद्धाचा परिणाम मतपेटीत असाच उतरतो. मतदार त्याचे नाव घेत नाही, तो ‘या सरकारवर विश्वास राहिला नाही’ एवढेच म्हणतो.

सरकार बदलल्यावर

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. २४ मार्च १९९० रोजी शांतिसेनेची शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १२०० भारतीय जवान कायमचे तिकडे राहिले, हजारो जखमी झाले. परतणाऱ्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जे सरकार फौज पाठवत होते ते गेले होते, जे सरकार होते त्याला या युद्धाची आठवण नको होती आणि ज्या राज्यात बोटी लागल्या तिथल्या सत्ताधाऱ्यांना त्या फौजेचा राग होता. आदेश पाळणाऱ्या जवानाच्या वाट्याला हे आले.

पुढे श्रीलंकेने आपल्या राजधानीत शांतिसेनेच्या शहिदांची नावे कोरलेले स्मारक उभारले. आपल्या राजधानीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्यांची नावे आली ती २०१९ मध्ये. एकोणतीस वर्षांनी.

त्याच १९९० मध्ये बाबासाहेबांना भारतरत्न जाहीर झाले, मंडल आयोगाची अंमलबजावणी घोषित झाली आणि संसदेने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत समाविष्ट केले. आज नांदुरा तालुक्यातील एखादी बौद्ध मुलगी केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्ज भरते, तेव्हा तिच्या हातातील जातप्रमाणपत्राला जी किंमत आहे ती या कायद्यामुळे. ते सरकार युद्धविरोधामुळे आले असे नाही. पण लोकांनी सत्तेला जाब विचारला की अनेक वर्षे बंद असलेली दारे कशी उघडतात, हे त्या एका वर्षात दिसले.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

युद्ध चालू असताना सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह, हे वाक्य आजकाल सहज फेकले जाते. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन केले. हिंदू कोड बिलाची चर्चा आपण नेहमी करतो, पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरणाचाही मुद्दा होता. देशाच्या ३५० कोटी वार्षिक महसुलापैकी १८० कोटी लष्करावर खर्च होतात, कारण आपल्या धोरणाने आपल्याला मित्र उरले नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. ज्यांनी महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून झगडा केला, त्यांनीच लष्करावरील खर्चाचा जाब विचारला. फौजेबद्दल आदर आणि सरकारला प्रश्न यांत त्यांना विरोध दिसला नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण मांडले, ते तर याच विषयाचे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण झाले. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने दोन्ही बाजूंची माणसे निवडून वाद मिटवावा असे सुचवले. ठराव बहुमताने त्याच्या विरोधात गेला. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक पुरुषाने सैन्यात दाखल व्हावे असे सेनापतीने मांडले, तेव्हा विरोधात असलेले बाकीचे सगळे गप्प बसले. सिद्धार्थ एकटा उभा राहिला आणि म्हणाला की तो सैन्यात जाणार नाही. कुटुंबावर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल, अशी धमकी आली तेव्हा त्याने ती शिक्षा स्वतःवर घेतली आणि परिव्रज्या स्वीकारली.

यात लक्षात घेण्यासारखे हे की सिद्धार्थाने सैनिकांचा द्वेष केला नाही, संघ मोडला नाही, बहुमत नाकारले नाही. त्याने सर्वांसमोर प्रश्न विचारला आणि त्याची किंमत दिली. विरोधात मत असूनही गप्प बसलेल्यांची संख्या जास्त होती. शांतिसेनेच्या वेळीही तसेच झाले. मंत्रिमंडळात, संसदेत, पक्षात अनेकांना शंका होती. बोलले थोडे, तेही उशिरा. मतदाराने निवाडा दिला तोपर्यंत हजाराहून अधिक घरांत तार पोहोचली होती.

आपण काय विचारायचे?

पुढे कधी कोणत्याही पक्षाच्या सरकारने फौज देशाबाहेर किंवा सीमेवर पाठवली, तर विहारातील बैठकीत, ग्रामसभेत, खासदारासमोर हे प्रश्न विचारता आले पाहिजेत :

१. फौज नेमकी कशासाठी चालली आहे आणि तो उद्देश बदलला तर आम्हाला सांगणार का?

२. ज्यांच्या भूमीवर ती जाते त्या लोकांना ती हवी आहे का?

३. संसदेत चर्चा कधी होणार, आधी की नंतर?

४. परतायचे कधी, हे ठरले आहे का?

५. जखमी जवान, शहिदांच्या पत्नी आणि आई-वडील यांची जबाबदारी सरकार बदलले तरी कोण घेणार?

हे प्रश्न फौजेविरुद्ध नाहीत, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायची गरज पडू नये. मेजर परमेश्वरन यांनी आपले काम पूर्ण केले. त्यांना तिथे पाठवणाऱ्यांनी आपले काम केले होते का, हा वेगळा हिशेब आहे आणि तो मागण्याचा अधिकार राज्यघटनेने मतदाराला दिला आहे. १९८९ मध्ये तो मतपेटीतून मागितला गेला. पण मतपेटी पाच वर्षांनी एकदा येते आणि जवान रोज मरतो. म्हणून प्रश्न फौज निघते त्या दिवशी विचारायचा असतो.

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. २५ नोव्हेंबरला आपल्या विहारात ८ महारच्या त्या मेजरचे आणि त्याच्यासोबत लढलेल्या जवानांचे स्मरण करायला हरकत नाही. गावात त्या काळी श्रीलंकेत गेलेला एखादा पेन्शनर फौजी असेल तर त्याला बोलवावे आणि तिकडे काय घडले ते त्याच्याच तोंडून पोरांना ऐकवावे. दुसऱ्या दिवशी २६ नोव्हेंबर, संविधान दिन आहे. हे दोन दिवस शेजारी आले आहेत, कार्यक्रमही जोडूनच घेता येतील.

जय भीम. नमो बुद्धाय.